कार्डावरची तीन अक्षरं : इंदूरमधल्या एका श्वानदंशाचा प्रकरण अभ्यास

संक्रांतीला तीन दिवस होते आणि रविवार होता. इंदूरची संक्रांत जितकी पतंगांची तितकीच विटी-दांडूची, आणि इथली मराठी मुलंही त्याला गिल्ली-दंडाच म्हणतात. राजेंद्र नगरच्या मागे एक अर्धवट बांधलेली इमारत आहे. तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी खेळ रंगला होता. गिल्ली उडाली आणि विटांच्या थप्पीमागे पडली. सात वर्षांचा एक मुलगा वाकला आणि त्याने फटीतून हात आत घातला. थप्पीमागे कुत्री व्याली होती.

मनगटाच्या थोडं वर दोन दात खोल रुतले. मुलगा मागे पडला, कुत्री अंगावर आली आणि तिच्या पंज्याचं नख डाव्या भुवईपाशी ओढलं गेलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. पुढच्या चार आठवड्यांत या अर्ध्या मिनिटामागे जे-जे घडलं ते घरच्यांना विचारूनच इथे लिहिते आहे. माणसांची नावं घातलेली नाहीत. जिथे चूक झाली त्या दवाखान्यांची आणि केंद्रांचीही घातलेली नाहीत, कारण तीच चूक शहरात कुठेही होऊ शकली असती, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

मी परिचारिका होते. निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ जणी मिळून रुग्णांच्या सोबतीचं काम करतो. पर्ची, म्हणजे केस पेपर, कुठे निघते, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, तपासणीचा कागद कुठे मिळतो, हे नवख्या माणसाला कुणी सांगत नाही. ते सांगायला आम्ही बरोबर जातो. सुरुवात ओळखीच्या मराठी घरांपासून झाली, आता कुणीही फोन करतं. या मुलाची आई डबे करते. वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत, एक दिवस कामावर गेले नाहीत तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. घरात आजी आहे आणि चार वर्षांची धाकटी बहीण.

त्या रात्रीपासून सुरू करते. आजीने लाल तिखट तेलात कालवून जखमेवर दाबलं. तिचं माहेर बुऱ्हाणपूरकडचं. लहानपणी गल्लीतला एक माणूस पिसाळलेला कुत्रा चावून गेला, पाण्याचा पेला समोर धरला की त्याचा गळा आवळला जायचा, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. तिखटाने विष जळतं असं तिला कुणीतरी तेव्हा सांगितलं होतं आणि साठ वर्षांत दुसरं काही कुणी सांगितलं नाही. या बाईला अडाणी म्हणणं मला जमणार नाही. घरात त्या रात्री रेबीज हा काय प्रकार आहे हे खरोखर ठाऊक असलेली ती एकटीच होती.

आईने जखमेवर दोन ओंजळी पाणी ओतलं होतं. हवं होतं ते असं: वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो, इतकं ते सोपं आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत घरातल्या साबणाच्या वडीने जेवढं काम होतं तेवढं नंतर दुसऱ्या कशानेही त्या किमतीत होत नाही. तिखट, चुना, हळद, कॉफी, बॅटरीतली पूड, या सगळ्याने जखम भाजते आणि धुणं राहून जातं.

मग गल्लीच्या तोंडावरचा खाजगी दवाखाना. रविवार असल्याने दुसरीकडे कुठे जाणार? डॉक्टरांनी जखम पुसली, दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि "उद्या सरकारी लस घ्या" असं सांगितलं. रक्त थांबवायचं होतं, समोर आई रडत होती, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण कुत्र्याच्या चाव्याला असे टाके घालायचे नसतात. सुई जिथून जाते तिथून विषाणूला खोलवर, मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत जायला वाट मिळते. घालणं भागच असेल तर आधी जखमेत सीरम आणि मग, तेही उशिरा, सैल टाके. हे सीरम काय ते पुढे येईलच, कारण सगळं प्रकरण त्याच्याच भोवती आहे.

सोमवारी वडिलांनी पाळी बुडवली. जवळच्या सरकारी दवाखान्यात कळलं की इथे लस होत नाही, मोठ्या केंद्रावर जा. ते चिडले. लस सरकारी, दवाखाना सरकारी, मग का नाही? कारण मला नंतर त्यांना समजावून सांगावं लागलं आणि ते इथेही सांगते. हा कुणाचा आळस नव्हता. सरकारी ठिकाणी रेबीजची लस कातडीत देतात: प्रत्येक दंडात ०.१ मिलिलिटर, म्हणजे एका वेळी ०.२. एक मिलिलिटरच्या कुपीत पाच माणसं होतात. स्नायूत देताना एका माणसाला अख्खी कुपी लागते, म्हणून २००६ पासून आपल्याकडे ही कातडीतली पद्धत मान्य झाली आणि तेवढ्याच लशीत कितीतरी जास्त माणसं भागू लागली. मात्र उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते. ज्या दवाखान्यात दिवसाला एखादाच चावलेला माणूस येतो तिथे उरलेली लस रोज फेकायची पाळी येते. म्हणून लस काही ठरावीक केंद्रांवर गोळा होते. इंदूरमध्ये मल्हारगंज भागातलं हुकुमचंद पॉलीक्लिनिक, ज्याला सगळं शहर लाल अस्पताल म्हणतं, ते कित्येक वर्षं याच कामासाठी लोकांना माहीत आहे. कुत्रा चावला की रिक्षावाला पत्ता न विचारता तिकडे नेतो.

बचतीचं हे गणित चोख आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण त्यात एक आकडा धरलेला नाही. कुपी वाचते ती शहराची. शहराच्या टोकाला राहणाऱ्या घराला मात्र एका डोसासाठी बस, मग ई-रिक्षा आणि एका दिवसाची मजुरी लागते, आणि असे डोस चार: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी.

ते ज्या केंद्रावर पोचले तिथे रांग होती. मुलाला दोन्ही दंडांत लस मिळाली, कार्ड मिळालं, त्यावर चार तारखा आणि जखमेच्या जागी "हात" असा शब्द. कार्डाच्या कोपऱ्यात पेनाने घाईघाईत तीन इंग्रजी अक्षरं काढलेली होती: आर, आय, जी. नर्सबाई काहीतरी म्हणाल्या, मागचा माणूस पुढे सरकला, वडील बाहेर पडले. ती तीन अक्षरं म्हणजे डॉक्टरांची सही असावी असं त्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी मला आईचा फोन आला. मी विचारलं, "लस घेतली ना?"

"घेतली काकू, दोन्ही दंडांत."

"बरं झालं. तारखा चुकवू नका."

इतकी वर्षं वॉर्डात काढलेली बाई यापलीकडे काही विचारत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. जखम कुठे आहे, किती खोल आहे, रक्त आलं का, साबणाने धुतली का, टाके घातले का, यातला एकही प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. "लस घेतली" हे ऐकून माझं समाधान झालं. सगळ्या शहराचं तिथेच समाधान होतं.

बुधवारी संक्रांत होती. हळदी-कुंकवाला त्यांच्या घरी गेले. मुलगा तिळगूळ द्यायला पुढे आला तेव्हा त्याच्या भुवईपाशी खपली दिसली. मी विचारलं, "हे काय?" आई म्हणाली, "तेव्हाचंच. नख लागलं. चावा हाताला आहे." मी हात पाहिला, टाके पाहिले, कार्ड मागितलं. कोपऱ्यातली तीन अक्षरं पाहिली आणि हातातलं वाण खाली ठेवलं.

ती अक्षरं म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. रुग्णालयात याला सगळे सीरम म्हणतात. लस शरीराला शिकवते, पण शिकून प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे जातात. तेवढ्या काळात विषाणू जखमेतच मोकळा असतो. म्हणून तयार प्रतिपिंडं थेट जखमेत भरायची, म्हणजे लस जागी होईपर्यंत तिथेच पहारा बसतो. चाव्याचे तीन वर्ग करतात. अखंड कातडीला नुसतं चाटलं तर पहिला, आणि त्याला काही लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरा, त्याला लस. कातडी फाटली, रक्त आलं, किंवा लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आतल्या भागाला लागली तर तिसरा, आणि त्याला लसही हवी आणि सीरमही. या मुलाच्या दोन्ही जखमा तिसऱ्या वर्गातल्या. त्यात एक चेहऱ्यावर. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, त्यामुळे डोक्याजवळच्या जखमेत हाताशी वेळ कमी असतो. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने जातात, कधी आठवडाभरच. आणि लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. या आजारातून माणसं जवळजवळ कधीच उठत नाहीत.

सीरम देण्याची एक मर्यादाही आहे: पहिल्या लशीपासून सात दिवस. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागतात आणि बाहेरून दिलेली त्यांच्या आड येतात. आमच्या हाती बुधवारची रात्र, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार एवढं होतं.

त्याच रात्री आम्ही एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. तिथल्या फेऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही. पर्चीची खिडकी, मग एक खोली, मग दुसरी, मग "सीरम सकाळी मिळेल". शेजारच्या खाटेवर धारहून आणलेला एक अपघाती रुग्ण होता, त्याच्यापुढे खरगोनहून आलेली एक बाळंतीण. इंदूरची मोठी सरकारी रुग्णालयं नुसती इंदूरची नाहीत. महाराजा यशवंतराव रुग्णालय, आपलं एमवाय, आणि त्याच्याशी जोडलेलं १९४८ साली सुरू झालेलं महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे अख्खा माळवा आणि निमाड डोळे लावून असतो. झाबुआ, बडवानी, खंडवा इथून रात्री निघालेल्या रुग्णवाहिका पहाटे याच शहरात शिरतात. त्या गर्दीत जखमेचं रक्त थांबलेला, हसता-बोलता सात वर्षांचा मुलगा कुणाला तातडीचा वाटणार? रेबीजमध्ये फसगत होते ती इथेच: ज्या दिवसांत जीव वाचवता येतो त्या दिवसांत रुग्ण आजारी दिसतच नाही.

गुरुवारी सकाळी जी निवासी डॉक्टर भेटली ती पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. तिने सगळ्यात आधी मुलाचं वजन केलं. वीस किलो. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या सीरमचं माप किलोमागे ४० एकक, म्हणजे ८०० एकक. कुपीत मिलिलिटरला ३०० असतात, म्हणजे पावणेतीन मिलिलिटरच्या आतच. माणसाच्या रक्तापासून केलेलं असतं तर किलोमागे २० पुरतं, पण ते महाग आणि दुर्मीळ. तिने हे सगळं कागदावर मोठ्याने बोलत मांडलं आणि वडिलांना दाखवलं. मला ते फार आवडलं. मग टाके काढले, जखम पुन्हा साबणाने धुतली, अॅलर्जी आली तर लागणारी औषधं ट्रेमध्ये लावून ठेवली आणि बारीक सुईने दातांच्या दोन्ही खुणांभोवती, आत, खाली सीरम भरत गेली. भुवईपाशी थेंब-थेंब. मुलगा किंचाळत होता, वडिलांनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. बरेच जण हे इंजेक्शन कमरेत टोचून मोकळे होतात. तिथे त्याचा उपयोग जवळजवळ नाही. ते जखमेतच गेलं पाहिजे आणि त्यासाठी वेळ लागतो, हात लागतो, समोरच्या मुलाचं रडणं सोसण्याची तयारी लागते.

हात पुसताना तिने मुलाला विचारलं, "तुझ्याबरोबर आणखी कुणाला लागलं का रे?"

आतापर्यंत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. खाजगी डॉक्टरांनी नाही, लसीकरण केंद्राने नाही, घरच्यांनी नाही, मी नाही.

मुलगा हुंदके देत म्हणाला, "छोटीलापण नख लागलं. तिने पिल्लू उचललं होतं. आणि त्या बिल्डिंगवरच्या पोराला. त्याने मला ओढलं बाहेर."

छोटी घरी होती. फ्रॉकच्या खाली, पोटरीवर, वाळलेल्या रक्ताची तीन बोटं लांब रेघ. आजी रागावेल म्हणून दोघा भावंडांनी चार दिवस गप्प राहायचं ठरवलं होतं. लहान मुलं चावा लपवतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि तरीही मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बुधवारी तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला होता. दुपारी तिला आणलं. चौदा किलो, ५६० एकक. तिचा शून्य दिवस गुरुवार, भावाचा सोमवार, म्हणजे एका घरात दोन कार्डं आणि तारखांचे दोन वेगळे गट.

आजी तेव्हा हटून बसली होती. तिच्या मनात पोटातली चौदा इंजेक्शनं होती. ती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारापर्यंत चालू होती, पोटावर रोज टोचायची, गाठी यायच्या, क्वचित कुणाला लकवाही व्हायचा. चौथ्या सुईनंतर पळून आलेली माणसं तिच्या पिढीने पाहिली आहेत. मी तिला माझ्या दंडावर बोट ठेवून दाखवलं, "आजी, इथे. एवढीशी फुगी येते, बस." तरी तिने थोरल्याचे दोन्ही दंड स्वतः चाचपून पाहिले, आणि मगच छोटीला उचलून दिलं.

कुत्रीचं काय, हेही लिहायला हवं. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवला आणि तो धडधाकट राहिला, तर तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं समजतात. उपचार मात्र वाट न पाहता त्याच दिवशी सुरू करायचे. आमच्या हातून ती खातरी गेली, कारण मंगळवारी कुणीतरी काठ्यांनी तिला हाकललं आणि पिल्लंही नाहीशी झाली. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण असते, तशी तिच्या कानाला नव्हती असं मुलं सांगतात. म्हणजे तिच्यापर्यंत रेबीजची लस पोचली असण्याचीही शक्यता कमी. ज्यांनी तिला हाकललं त्यांचा राग मी समजू शकते. पण नसबंदी करून, लस टोचून त्याच जागी सोडलेली कुत्री त्या गल्लीला जास्त सुरक्षित ठेवते, हे मी तिथे उभं राहून सांगितलं आणि पुन्हा सांगेन. हाकललेली कुत्री दुसऱ्या गल्लीत जाऊन व्यायची थांबत नाही.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. या प्रकरणात इंदूरमध्ये काय कमी होतं? लस होती. सीरम होतं. ते नीट देणारा हात होता. सगळं फुकट होतं. घरापासून सगळ्यात दूरचं ठिकाणही तासा-दीड तासाच्या आतलं. देशभर पाहणी करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसं रेबीजने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज याच्या तिपटीहून मोठा होता, म्हणजे परिस्थिती सुधारली असं म्हणायला जागा आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा, असा केंद्राचा कृती आराखडा २०२१ पासून आहे. ते होण्यासारखं आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण इथे चार दारं होती: खाजगी दवाखाना, वॉर्डातला सरकारी दवाखाना, लसीकरण केंद्र, मोठं रुग्णालय. प्रत्येक दारातल्या माणसाने आपल्या दारापुरतं काम केलं आणि पुढच्या दाराचं नाव सांगितलं. एका दारातून निघालेला मुलगा दुसऱ्या दारात पोचला का, हे पाहणारं कुणी नव्हतं. ते काम गुपचूप बापावर टाकलेलं होतं, ज्याला तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ ठाऊक नव्हता आणि ज्याची पाळी बुडत होती.

क्षयरोगाशी ताडून पाहा. क्षयाच्या रुग्णाचं नाव निक्षय या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर चढलं की त्याला एक क्रमांक मिळतो. त्याने औषध सोडलं, गाव बदललं, तर निदान कुठेतरी त्याची नोंद हलते, कुणीतरी फोन करतं, आशा कार्यकर्ती दार वाजवते. बाळाच्या लशींचंही तसंच. कुत्रा चावलेल्यांची मात्र नुसती संख्या वर जाते: या आठवड्यात इतके. त्या इतक्यांपैकी किती जणांना सीरम हवं होतं आणि मिळालं, किती जण अठ्ठाविसाव्या दिवशी परत आले, हे त्या संख्येत दिसत नाही. पहिला डोस घ्यायला माणूस भीतीने धावत येतो. चौथ्याच्या वेळी जखम भरलेली असते, भीती गेलेली असते आणि मजुरी तेवढीच बुडायची असते.

मला मोठं काही मागायचं नाही. कार्डावर एक ओळ हिंदीत छापा: जखमेत सीरम लागेल की नाही, आणि दिलं की नाही. ते तीन अक्षरांत लिहू नका. ज्या केंद्रात सीरम नसेल तिथून पाठवताना रुग्णालयाचं नाव, खोली, वेळ आणि शेवटची तारीख लिहून द्या. रविवारी उघड्या असणाऱ्या गल्लीबोळातल्या खाजगी डॉक्टरांना वर्षातून एकदा बोलावून सांगा की टाके घालू नका, आधी धुवा. कुत्र्याच्या चाव्यात रविवारी पहिला हात त्यांचाच लागतो, त्यांना बाहेर ठेवून चालणार नाही. आणि तारखेच्या आदल्या दिवशी फोन करायला एक माणूस नेमा. आमच्या गटाने सध्या एवढंच सुरू केलं आहे. वहीत तारखा आहेत, आदल्या संध्याकाळी फोन जातो. आणि आता पहिला प्रश्न "लस घेतली का?" हा नसतो. आम्ही म्हणतो, "जखम दाखवा. फोटो पाठवा. घरातली सगळी मुलं समोर उभी करा."

थोरल्याचा तिसरा डोस वेळेवर झाला. चौथ्याच्या तारखेला घरचे खंडव्याला लग्नात होते. आईने घाबरत विचारलं की इथली लस तिथे चालेल का. चालते. पद्धत तीच, तारखा त्याच, कार्ड बरोबर ठेवायचं. तिथल्या सरकारी रुग्णालयात कार्ड पाहून त्यांनी कुठलाही प्रश्न न विचारता लस दिली, आणि वडिलांनी कार्डाचा फोटो मला पाठवला, चारही चौकोन भरलेला. छोटीचा चौथा त्यानंतर तीन दिवसांनी, गुरुवारी इंदूरला परतल्यावर झाला. तिला मी स्वतः घेऊन गेले.

राहिला तिसरा मुलगा, ज्याने थोरल्याला ओढून बाहेर काढलं. नऊ-दहा वर्षांचा, सेंधव्याकडचा, आईवडील त्या इमारतीवर कामाला. शुक्रवारी आम्ही त्याला शोधून काढलं. अंगठ्याच्या बेचक्यात दात लागलेला, त्यावर चुना. वडिलांनी आधी विचारलं, पैसे किती पडतील. काहीच नाही म्हटल्यावर लगेच निघाले, अंगावरची सिमेंटची धूळ तशीच. त्याला सीरम मिळालं, पहिली लस मिळाली, पुढच्या दोन तारखाही झाल्या. तिसऱ्या वेळी तो एकटाच आला, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात, कारण आईवडील स्लॅबच्या कामावर होते.

मग स्लॅब घालून झाला, काम संपलं. चौथ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी फोन केला तो ठेकेदाराने उचलला. ती मंडळी गावाकडे गेली होती, होळीनंतर दुसऱ्या साईटवर येतील, कुठल्या ते त्याला माहीत नव्हतं. मी गावाचं नाव घेतलं, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर मिळवला आणि जे उचलतील त्यांना मुलाचं वय, बापाचं नाव, पाडा सांगितला. डोस चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा नसतो, सापडेल त्या दिवशी राहिलेला द्यायचा, हेही सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, "कार्ड है उसके पास?" मी म्हटलं, आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

माझ्या वहीत त्याच्या नावासमोरचा चौथा चौकोन अजून रिकामा आहे. दर सोमवारी मी त्या केंद्रावर फोन करते.